का आणि कसं : चेंडूच्या आधी पोचणारे पाय
हदगावच्या मैदानावर जलद गोलंदाजाला खेळणारा फलंदाज आधी त्याचं मनगट पाहतो. टेनिसमध्येही तेच. ताशी 200 किलोमीटरची सर्व्हिस साधारण अर्ध्या सेकंदात पोचते. चेंडू दिसून शरीर हलेपर्यंतच त्यातला बराच वेळ सरतो. म्हणून थोर खेळाडू समोरच्याचा खांदा वाचतो आणि रॅकेट चेंडूला लागतानाच छोटी उडी घेतो. त्या उडीनं पायांचे स्नायू ताणले जातात आणि पुढचं पाऊल झटकन पडतं. मूळच्या गोव्याच्या पेस घराण्यातल्या लिअँडरनं नेटजवळ, याहूनही कमी वेळात, हेच करत 18 ग्रँड स्लॅम किताब मिळवले. ते दुहेरी-मिश्र दुहेरीतले, म्हणून कमी मोलाचे, असं काही जण म्हणतात. एकेरीची दमछाक वेगळी, हे मान्य. पण 1996 चं ऑलिंपिक कांस्य त्यानं एकेरीतच जिंकलं. शिवाय 2016 ची फ्रेंच मिश्र दुहेरी जिंकताना तो बेचाळीस वर्षांचा होता. पायांत विशीचा वेग उरला नव्हता, समोरच्याची चाल आधीच ओळखणारी नजर मात्र शाबूत होती.