वुजूचं पाणी नालीत का सोडायचं?

चंद्रपूर शहर इरई धरणाचं पाणी पितं आणि 2920 मेगावॅटचं वीज केंद्रही त्याच धरणावर चालतं. 2010 च्या उन्हाळ्यात धरणात पाणी उरलं नाही, तेव्हा केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते. 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणात आता नियमच आहे: सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते शुद्ध केलेलं पाणी वापरायचं. नागपूरच्या भांडेवाडीतलं असं पाणी कोराडी केंद्राला जातं. यंत्र थंड करायला पिण्याचं पाणी हवं कशाला?

सांडपाणी टप्प्याटप्प्यानं शुद्ध होतं. आधी गाळ खाली बसवतात. तेवढ्यानं ते कामाचं होत नाही. मग जिवाणू त्यातली घाण खातात. असं पाणी कापसासारख्या पिकाला चालतं. त्यानंतर गाळून क्लोरीन दिलं की फ्लश, बाग, गाड्या धुणं. कोथिंबीर, मुळा, काकडी आपण कच्ची खातो, त्यांना मात्र रोगजंतू अजिबात नसलेलंच पाणी हवं. नालीकाठची भाजी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

वुजूच्या पाण्यात संडासाची घाण नसते. हनफी फिकहमध्ये ते पाक आहे, पण त्यानं पुन्हा वुजू होत नाही. म्हणजे पाण्याचे दर्जे आपल्याला नवे नाहीत! तरीही वुजूखान्याची नाली संडासाच्या पाइपला जोडली की हे पाणी वाया गेलं. मस्जिदीच्या बांधकामातच वेगळा पाइप टाका. रेती-गिट्टीतून गाळून टाकीत घेतलं की ते फ्लशला, झाडांना चालतं. फक्त त्याच दिवशी संपवा, नाहीतर वास मारतं.

शुद्ध केलेल्या सांडपाण्यानं वुजू होते का? 1978 मध्ये सौदी अरबस्तानच्या ज्येष्ठ उलमांच्या परिषदेनं सांगितलं, की रंग, चव आणि वास तिन्ही मूळ पाण्यासारखे झाले तर ते पाक. पिणं मात्र तब्येतीसाठी टाळलेलं बरं. तुमच्याकडे हा मसला आलाच तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा.

घरच्या आरओ मशीनचं टाकाऊ पाणी दिसतं स्वच्छ, पण बोअरमधले क्षार आणि फ्लोराइड त्यातच जास्त साठतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत फ्लोराइड आहेच. ते बकऱ्यांना पाजू नका, कुंड्यांना रोज घालू नका. फरशी पुसा, संडासात ओता.