स्पीकरचे पाय निवडावेत फरशी पाहून

के. आर. पुरम (बेंगळुरू) : जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेताना आवाजाचा विचार होतो, पायांचा क्वचितच. बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरमसारख्या भागांत बहुमजली इमारतींमध्ये काँक्रीटच्या स्लॅबवर गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी असते आणि घर अनेकदा भाड्याचे असते. तेथे चुकीच्या पायांमुळे फरशीवर ओरखडा उमटला, तर अनामत रकमेवर पाणी सोडावे लागू शकते.

पायांची कामे दोन : स्पीकर स्थिर ठेवणे आणि कंपनांना आवर घालणे. टोकदार धातूचे पाय मूलतः गालिच्यासाठी योग्य. ते विणीतून आरपार जाऊन खालच्या कठीण पृष्ठभागावर टेकतात व स्पीकर डुलत नाही. फरशीवर मात्र हेच टोक घातक ठरते. २० किलो वजनाचा स्पीकर चार टोकांवर उभा असल्यास प्रत्येकावर ५ किलो भार येतो. टोक १ चौरस मिलिमीटरचे असेल, तर हा दाब प्रति चौरस सेंटिमीटर ५०० किलो होतो. म्हणून टोकाखाली धातूची खोलगट चकती ठेवावी किंवा रबरी पाय वापरावेत. फरशी ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास तेथे टोकदार पाय टाळणेच इष्ट.

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या माडीवर तुळयांवर फळ्या टाकलेल्या असतात. अशी जमीन स्वतःच कंप पावते व खर्जाचा आवाज घुमतो. तेथे कंपने शोषणारे मऊ पाय हितावह. मात्र रबराचा डाग पॉलिश केलेल्या लाकडावर किंवा संगमरवरावर उमटू शकतो. त्यामुळे खाली पातळ चकती घालावी.

पाय कोणतेही असोत, चारही समान टेकले पाहिजेत. पाणसळ लावून उंची जुळवावी, नट घट्ट करावेत आणि स्पीकर हलके ढकलून पाहावा. लहान मुले असलेल्या घरात रुंद बैठक घ्यावी. उंच स्पीकर कलंडल्यास गंभीर इजा होऊ शकते.

रबरी पायांमुळे स्लॅबमध्ये उतरणारी कंपने घटतात, पण हवेतून जाणारा खर्ज थांबत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याची झोप अखेर आवाजाच्या बटणावरच अवलंबून असते.