तेर रूजच्या चिखलातले पाहुणे

गणेश चतुर्थी आटोपली, की आपल्या बेटावर दुसरे पाहुणे येऊ लागतात. बहुतेक घरांत त्यांची खबरही नसते. पोर्ट लुईसच्या उत्तरेला रिव्ह्युले तेर रूज ही लहानशी नदी समुद्राला मिळते, तेथे शहराच्या वस्तीला लागूनच ते उतरतात. जागा अवघी २६ हेक्टर. तरी २००१ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसार यादीत मॉरिशसची पहिली नोंद झाली ती हिचीच.

गेल्या मोसमात आम्ही वर्गातील मुलांना घेऊन तेथे गेलो. ओहोटी होती. चिखलात शेकडो पक्षी टिपत होते आणि मुलांना वाटले सगळे एकाच जातीचे. दुर्बीण हातोहात फिरली, तेव्हा फरक दिसू लागला. कर्ल्यू सँडपायपरची चोच लांब व खाली वाकलेली. शिवणयंत्राच्या सुईसारखी ती चिखलात वरखाली चालते आणि आतले किडे काढते. टर्नस्टोनची चोच आखूड. तो दगड आणि शेवाळ उलटून खालचे खातो. राखी प्लोव्हर दोन पावले धावतो, थांबतो, डोळ्यांनी हेरतो आणि टिपतो. एकाच अंगणात तीन चुली! म्हणून फारशी भांडणे होत नाहीत. मात्र हाच राखी प्लोव्हर कधी कधी चिखलाचा एखादा तुकडा आपला म्हणून अडवून बसतो, स्वतःच्या जातभाईलाही तेथे येऊ देत नाही. भरती आली, की तोच गुपचूप सर्वांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. अशी माणसे आपणही पाहिली आहेत. आणि आपला इथला गास बगळा? तो काठावर एकटाच. माशावर झडप घालायची तर गर्दी काय कामाची?

थव्याचा मोठा लाभ डोळ्यांचा. एकटा पक्षी दर घासाला मान वर करील तर खाईल कधी? शंभर असले, की कोणाची तरी मान वर असतेच. एकाने हाक दिली, की सगळे उडतात.

भरतीने चिखल झाकला, तेव्हा ते खडकांवर दाटीने उभे राहिले. वाऱ्याकडे तोंड, एक पाय वर, चोच पिसांत. तेवढ्यात आमच्यातल्या एका मुलाने खडा मारला. सगळा थवा उठला, पाण्यावर दोन फेऱ्या मारून कसाबसा बसला. मुलाने दुसरा खडा उचलला. आम्ही हात धरला. तो म्हणाला, “गुरुजी, उडाले तर काय झाले? परत येतातच की!”

खरे सांगायचे तर त्याच्या वयात आम्हीही हेच केले आहे. म्हणून रागावलो नाही, हिशेब सांगितला.

कर्ल्यू सँडपायपर साठ ग्रॅमच्या आसपासचा जीव. त्याची घरटी उत्तर सायबेरियात, येथून १०,००० किलोमीटरांहून दूर. एप्रिलच्या सुमारास परत निघण्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते; तेच त्याचे पेट्रोल. ओहोटीत खायचे आणि भरतीत विसावा घेऊन ते राखायचे. दर खड्याला त्यातले थोडे जळते. २०२४ साली जागतिक धोक्याच्या यादीत या पक्ष्याला आणि राखी प्लोव्हरला आधीपेक्षा वरच्या पायरीवर टाकले गेले. तेव्हा हा हिशेब आता लहान राहिलेला नाही.

त्यांच्या घरची गोष्ट तर मुलांनी दोनदा सांगायला लावली. अंडी उबण्याआधीच बाप दक्षिणेकडे निघतो. पिल्ले पहिल्या दिवसापासून आपले आपण टिपून खातात. आई राखण करते आणि त्यांच्या आधी तीही निघते. पिल्ले शेवटी, आईबापांशिवाय, न पाहिलेल्या वाटेने येतात. शिवाय किती येतील ते ठरते तिकडच्या लेमिंग नावाच्या उंदरांवर! लेमिंग भरपूर असले, की कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात. ते कमी झाले, की कोल्हे पिल्लांकडे वळतात आणि त्या वर्षी दक्षिणेत लहान पक्षी थोडेच दिसतात.

मे महिन्यात तो खडा मारणारा मुलगा आम्हाला म्हणाला, “गुरुजी, मी बाबांबरोबर पुन्हा गेलो होतो. सगळे गेले नाहीत, काही विसरले वाटते.” विसरले नव्हते. निघण्याआधी मोठ्यांच्या पोटाचा रंग विटेसारखा तांबडा होतो. मागे राहिलेले करडेच होते, म्हणजे बहुधा पहिल्या वर्षाची पिल्ले. ती हिवाळा येथेच काढतात आणि पुढच्या एप्रिलला निघतात. त्याने किती मोजले, असे विचारले.

“अकरा,” तो म्हणाला. “बाबा म्हणतात बारा.”