घरगुती प्रवाळ-मत्स्यालयातील शिंपल्यांचे संगोपन : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना

सागरी मत्स्यालयाचा छंद आता अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या सदनिकांत पोहोचला आहे. त्यातील निळ्या-हिरव्या प्रावाराचा महाशिंपला, म्हणजे ट्रायडॅक्ना, हौशी मंडळींना विशेष मोहवितो. हा प्राणी जगतो कसा आणि मरतो कशाने, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ट्रायडॅक्ना मॅक्सिमा व ट्रायडॅक्ना स्क्वामोसा या दोन्ही जातींचा २००१ मध्ये समावेश झाला. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या प्रवाळभित्तींवर आढळणारा मॅक्सिमा त्यामुळे वाघाइतकाच संरक्षित आहे. तो समुद्रातून काढणे, विकणे वा घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो. महाशिंपल्यांचे संपूर्ण कुल १९८५ पासून साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून परदेशी संवर्धन केंद्रातील अन्य जातींबाबतही आयातीची कागदपत्रे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरची नोंदणी पाहिल्याखेरीज खरेदीचा विचार करू नये. विक्रेत्याचा तोंडी शब्द हा पुरावा नव्हे.

प्रकाश, पाणी आणि चुना

महाशिंपल्याच्या प्रावारात झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल सहजीवी म्हणून राहते. त्याच्या प्रकाशसंश्लेषणातून शिंपल्याला अन्नाचा मोठा वाटा मिळतो. उरलेला तो पाणी गाळून मिळवितो. साहजिकच मंद दिव्याखाली तो हळूहळू उपाशी मरतो, आणि ही उपासमार ध्यानात येईपर्यंत कित्येक आठवडे निघून जातात. मात्र नव्या शिंपल्यावर एकदम प्रखर प्रकाश टाकणेही घातक आहे. अमोनियम व नायट्रेट ही शैवालाची पोषकद्रव्ये असल्याने नायट्रेट अगदी शून्यावर आणण्याचा आग्रह येथे गैरलागू ठरतो.

कवचवाढीसाठी कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कता ८ ते ११ अंश डीकेएच असावी. ही झीज भरून काढण्याचा जुना, स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी. पानाचा चुना येथे चालत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे. निवळीचा सामू १२ च्या वर असल्याने ती रात्री, जेव्हा टाकीतील सामू उतरलेला असतो तेव्हा, थेंबाथेंबाने सोडावी.

उपनगरांतील नळाचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येते व ते क्लोरिनयुक्त असते. ते आरओ यंत्रातून काढूनच वापरावे. बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे, कारण वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ टाकीतच राहते. तांब्याचा अंश असलेली माशांची औषधे शिंपल्याला विषासमान आहेत.

मुंबईची खरी अडचण उष्म्याची आहे. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस हवे, तर मे महिन्यात खोलीतील हवाच ३३ अंशांवर जाते. पृष्ठभागावर पंखा लावून थंडावा आणण्याची युक्ती पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडते. येथील दमट हवेत बाष्पीभवन मंदावल्याने ती फारशी चालत नाही. चिलरला पर्याय नाही, आणि वीज गेल्यास निदान बॅटरीवरचा हवापंप हवा.

आजाराची लक्षणे

प्रावार आखडणे, वरचे छिद्र सताड उघडे राहणे, सावली पडली तरी न मिटणे ही धोक्याची चिन्हे होत. तांदळाच्या दाण्याएवढ्या परजीवी गोगलगायी रात्री कवचाच्या कडेशी रस शोषतात. त्या विजेरीच्या उजेडात शोधून हाताने काढाव्यात. शिंपला हलविताना दगडाला चिकटलेले बिसस तंतू ओढून तोडू नयेत. ते मुळाशी फाटले की प्राणी सहसा वाचत नाही. दगडासकट उचलणेच बरे.

तिसऱ्यांचा पर्याय?

कायद्याची कटकट नको म्हणून बाजारातील तिसऱ्या टाकीत सोडण्याचा मोह होतो. त्यांच्या शरीरात असे सहजीवी शैवाल नसते. खाडीतील गढूळ पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींवर त्यांचे पोट भरते. मत्स्यालयाच्या नितळ पाण्यात त्या वाळूत दडून उपासाने मरतात, आणि मेलेल्या तिसऱ्या टाकीचे पाणी नासवितात. वर्गात त्यांचा उपयोग निराळा आहे : गढूळ समुद्रपाण्याची दोन समान भांडी घेऊन एकात काही जिवंत तिसऱ्या ठेवाव्यात. काही तासांतच दोन्ही भांड्यांतील फरक विद्यार्थ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसतो.