गाडी काठावर, गस्त रेतीवर

यवतमाळ जिल्ह्याच्या दोन बाजू नद्यांनीच आखून दिल्या आहेत. ईशान्येकडून पूर्वेकडे वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा. वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते आणि जिल्ह्याचा कोपरा तिथे संपतो. आत शिरलं तर बेंबळा, अरुणावती, अडाण, पूस, वाघाडी, निर्गुडा अशा नद्या आहेत. इसापूर, बेंबळा, अरुणावती आणि पूस या धरणांच्या मागे पसरलेलं पाणी आहे. या पाण्याकडे माणसं रोज जातात. कोणी पहाटे जाळं उचलायला जातं, कोणी दशक्रियेला, कोणी मूर्ती शिरवायला, तर पावसाळ्यात उमरखेड तालुक्याच्या टोकाला सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला. जाणं गाडीवर आणि गाडी ठेवणं काठावर, हे आता ठरूनच गेलं आहे.

परदेशात नाव पाण्यात सोडण्यासाठी काठावर सिमेंटचे उतार बांधलेले असतात. माणूस मोटारीमागे चाकांच्या सांगाड्यावर नाव ओढत आणतो, ती उतारावरून पाण्यात सोडतो आणि मोटार वरच्या वाहनतळावर ठेवून दिवसभरासाठी निघून जातो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हे उतार वाहनचोरांचे आवडते ठिकाण समजले जातात. मोटारीमागचा रिकामा सांगाडा दिसला, की मालक पाण्यात आहे आणि लवकर परतणार नाही, हे न विचारताच कळतं. आपल्याकडे नावेचा सांगाडा नसतो. पण दगडावर कपड्यांची घडी, वर चपला आणि बाजूला हँडल लॉक न केलेली दुचाकी दिसली, तर तोच अर्थ निघतो. किल्ली बहुधा त्या घडीतच असते.

तीन गोष्टी एकत्र आल्या की

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये गुन्ह्याकडे पाहण्याची एक सोपी रीत मांडली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी याव्या लागतात: गुन्हा करू पाहणारा माणूस, हाताशी आलेली वस्तू आणि ती राखणाऱ्याची गैरहजेरी. यांतली एक जरी काढून घेतली, तरी चोरी टळते.

घाटावर या तिन्ही गोष्टी आपसूक जुळतात. काठ खोलगट असतो, त्यामुळे पाण्यात उतरलेल्याला वरची गाडी दिसत नाही. पाण्यात किल्ली जवळ बाळगणं अवघड. रस्ता एकच असला तरी शेतांतून आणि धुऱ्यांवरून निघणाऱ्या पायवाटा अनेक असतात. दुकान नाही, कॅमेरा नाही, चहाची टपरीसुद्धा सणावारीच लागते. त्यात जुन्या दुचाकीचं कुलूप इतकं झिजलेलं असतं, की दुसऱ्याच गाडीची किल्ली त्यात फिरते. मोटारपंप आणि केबलच्या चोऱ्या सोसलेल्या नदीकाठच्या शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको. जागलीला वावरात गेलेल्या माणसाची धुऱ्यावर ठेवलेली गाडी याच हिशेबात मोडते.

नदी ओलांडली की हद्द बदलते

पैनगंगा हैदराबाद संस्थान संपेपर्यंत वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख यांच्यामधली सीमा होती. वर्धा नदी वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्यामध्ये होती. राज्यं बदलली, सीमा राहिल्या. आज पैनगंगेपलीकडे कुठे हिंगोली, कुठे नांदेड आणि पुढे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. वर्धेपलीकडे वर्धा आणि चंद्रपूर. पांढरकवड्यावरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो आणि पिंपळखुटीनंतर राज्य बदलतं. म्हणजे काठावरून निघालेली गाडी थोड्याच वेळात दुसऱ्या ठाण्याच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या हद्दीत असू शकते.

‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य इथेच ऐकू येतं. कायद्याने त्याला आता जागा ठेवलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर घटना कुठेही घडली असली तरी द्यायची सोय आहे. त्यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम आहे, फिर्यादीचं नाही. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

ठाण्यातला क्रम

ठाणेदारासमोर सकाळी कामांची रांग असते आणि ती कधीच एकसारखी नसते. खून, अपघात, हरवलेली मुलगी, दोन गटांतला तणाव यांना थांबवता येत नाही. पोळा, गणपती, दुर्गोत्सव, ईद, निवडणूक आणि मंत्र्यांचा दौरा यांचा बंदोबस्त वेगळा. यवतमाळचा दुर्गोत्सव तर विदर्भभर प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत लोक गाड्या घेऊन बाहेर पडतात आणि त्याच दिवसांत ठाण्यातली माणसं मंडपांवर आणि मिरवणुकींवर अडकलेली असतात. गुन्हे शोध पथक, म्हणजे ज्याला सगळे ‘डीबी’ म्हणतात, त्यातली माणसंही बंदोबस्ताला ओढली जातात. अशा रांगेत जुन्या दुचाकीची चोरी शेवटी जाते. त्यात कोणी जखमी नसतं, मोर्चा येत नाही आणि गाडी बहुधा अशा माणसाची असते, ज्याचा फोन कोणी उचलत नाही.

पण घाटाकडे सरकारी गाडी मुळीच जात नाही, असं नाही. ती रेतीसाठी जाते. वर्धा आणि पैनगंगेच्या पात्रातला रेतीउपसा हा या जिल्ह्यातला जुना आणि धोक्याचा विषय आहे. जानेवारी २०२१ मध्ये उमरखेड तालुक्यात रेतीतस्करांनी नायब तहसीलदारांवर चाकूहल्ला केला होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार अवैध गौण खनिजावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावता येतो आणि वाहनही जप्त करता येतं. म्हणून तहसीलची पथकं रात्री घाटावर जातात, पोलीस सोबत असतात, पंचनामे होतात. हे व्हायलाच हवं. नदीचं पात्र खरवडलं गेलं तर काठच्या विहिरीही आटतात.

प्रश्न इतकाच आहे, की त्याच घाटावर, त्याच वाटेवर दुसरीही चोरी होते आणि तिच्यासाठी वेगळी गस्त नसते. रेतीच्या कारवाईतून महसूल मिळतो, आकडा दिसतो, वरून विचारणा होते. मजुराची दुचाकी सापडली तर सरकारच्या तिजोरीत काही पडत नाही. पोलिसांचं प्राधान्य असं मोजदादीतून ठरत जातं. त्याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काही बदलत नाही. बदलायची असेल तर मोजदादच बदलावी लागेल.

हेल्मेटने थांबलेल्या चोऱ्या

कमी माणसांत काय साधतं, याचे दोन पुरावे पाहण्यासारखे आहेत. पश्चिम जर्मनीत हेल्मेट सक्तीचं होतंच, पण १९८० मध्ये ते न घालणाऱ्याला जागच्या जागी दंड सुरू झाला. हेतू होता डोकी वाचवण्याचा. पण १९८० मध्ये सुमारे दीड लाख असलेल्या मोटारसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत सुमारे ५४ हजारांवर आल्या. कारण साधं होतं. संधी पाहून गाडी पळवणारा घरून हेल्मेट घेऊन निघत नाही आणि बिनहेल्मेटचा स्वार पहिल्याच चौकात अडवला जाऊ लागला. आपल्याकडे हेल्मेटची तपासणी म्हणजे पावत्या फाडणं, असं समजलं जातं. घाटाकडून येणाऱ्या रस्त्यावर तीच तपासणी चोरालाही अडवू शकते.

दुसरा पुरावा अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा. तिथे लॉरेन्स शेरमन आणि डेव्हिड वाइसबर्ड यांनी गस्त शहरभर पसरवण्याऐवजी गुन्हे जिथे साचतात अशा मोजक्या जागांवर वाढवून पाहिली आणि त्या जागांवरचे गुन्हे व गोंधळ कमी झाले. त्याच माहितीवरून ख्रिस्तोफर कोपर यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की एका जागी १० ते १५ मिनिटं थांबलेली गस्त सर्वांत जास्त उपयोगी पडते. त्याहून जास्त वेळ थांबल्याने फायदा वाढत नाही. गाडी निघून गेल्यावरही तिचा धाक काही काळ टिकतो. घाटावर दिवसभर शिपाई बसवायची गरज नाही. वेळ ठरवून न घेता, आठवड्यातून काही वेळा पाव तास थांबलं तरी फरक पडतो.

गाडी गेल्यावर

गाडी जागेवर नाही हे कळलं, की आधी ११२ वर फोन करावा आणि मग ठाणं गाठावं. ‘दोन दिवस शोधून पाहा’ हा सल्ला ऐकू नये. ‘गहाळ’ अशी नोंद घेऊन परतूही नये. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे आणि अशा गुन्ह्याची खबर नोंदवणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दुचाकीची चोरी सहसा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ (२) खाली नोंदते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी लिहिली, तर तोच गुन्हा अदखलपात्र होतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. ‘गाडी जुनी आहे, चार हजार लिहा’ असं भिडेखातर म्हणू नये. जी खरी बाजारकिंमत असेल, ती सांगावी.

विम्याबाबत गैरसमज फार आहेत. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. नवी दुचाकी घेताना २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, त्यामुळे ‘विमा आहे’ असं वाटत राहतं. चोरीसाठी लागणारा विमा मात्र पहिल्या वर्षानंतर नूतनीकरण न केल्याने केव्हाच संपलेला असतो. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनी ठाण्यासोबत कंपनीलाही लगेच कळवावं. गुन्हा तत्काळ नोंदवला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. गाडी सापडली नाही तर पोलीस ‘अ’ समरी पाठवतात. तिचा अर्थ गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. विमा कंपनी हाच कागद मागते. तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवण्याची जबाबदारी नव्या संहितेने पोलिसांवर टाकली आहे. ते कळलं नाही, तर विचारावं.

गाडी सापडली, की ती मुद्देमाल होते आणि न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर परत घ्यावी लागते. मुद्देमालातल्या गाड्या ठाण्याच्या आवारात कुजवत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलं होतं. तरी ठाण्यांच्या आवारात वेल चढलेल्या गाड्या दिसतातच. स्थानिक गुन्हे शाखेने एखाद्या सराईताकडून डझनभर दुचाकी पकडल्याची बातमी आपण फोटोसह वाचतो. मालकाने तेव्हा गुन्हा नोंदवलेलाच नसेल, तर त्यांतली गाडी कोणाची, हे चेसिस नंबरवरून शोधत बसावं लागतं. नंबर घासलेला असेल, तर ती बेवारस ठरते.

स्वस्तात मिळालेली गाडी

‘कागद नंतर देतो’ म्हणत काही हजारांत विकली जाणारी दुचाकी कोणीतरी विकत घेतं, म्हणून ती चोरली जाते. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं समजायला सबळ कारण असूनही तो घेणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाडी घेण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीचा तपशील मिळतो. तो आणि गाडीवरचा चेसिस नंबर जुळवून पाहायला फार वेळ लागत नाही. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट येतेच. जुन्या गाड्यांना ती बसवण्याची मुदत महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दुचाकीसाठी ही प्लेट ४५० रुपये अधिक कर इतक्यात बसते. ती एकदा काढली की पुन्हा वापरता न येणाऱ्या लॉकने बसवलेली असल्याने यवतमाळची एमएच २९ गाडी रातोरात चंद्रपूरची एमएच ३४ किंवा नांदेडची एमएच २६ करणं कठीण जातं.

मोजदाद गावापासून

काठावर करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला मोठा खर्च नाही. यात्रेच्या, विसर्जनाच्या दिवशी ग्रामपंचायतीने घाटावर वाहनतळ नेमावा, फी घ्यावी, टोकन द्यावं आणि त्या पैशातून गावातली दोन पोरं राखणीला ठेवावीत. कार्तिकात वढा-जुगादच्या संगमावर गर्दी होते, तेव्हा अशी सोय दोन्ही काठांना लागेल. मच्छीमार संस्थांनी धरणाच्या काठी एक लोखंडी दांडी रोवून घेतली, तर साखळीने गाड्या एकत्र बांधता येतात. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ खाली पोलीस पाटलावर गावातल्या गुन्ह्यांची माहिती ठाण्याला देण्याची जबाबदारी आहे. त्यात घाटावरच्या चोऱ्यांचाही समावेश करता येईल. रेतीसाठी जाणाऱ्या पथकाने वरच्या बाजूला उभ्या गाड्यांचे नंबर टिपून घेतले, तरी एकाच फेरीत दोन कामं होतील.

सगळ्यात महत्त्वाचं काम कागदावरचं आहे. एफआयआरमध्ये घटनास्थळाचा रकाना असतो. त्यात ठाण्यापासूनची दिशा, अंतर आणि बीट लिहायचं असतं. प्रत्यक्षात तिथे ‘अमुक गाव शिवार’ एवढंच लिहिलं जातं आणि एकाच घाटावरच्या चार चोऱ्या चार वेगवेगळ्या शिवारांत विखुरतात. फिर्याद देताना घाटाचं, धरणाच्या काठाचं नाव लिहून घ्यावं आणि फुकट मिळणाऱ्या प्रतीत ते आहे ना, पाहावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. गावातला शिकलेला मुलगा एका संध्याकाळी वर्षभरातल्या नोंदी पाहून आपल्या घाटावर किती गाड्या गेल्या, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी, हे काढू शकतो. तो कागद ग्रामसभेच्या ठरावासह ठाणेदारासमोर ठेवला, की मागणी नुसती ‘गस्त वाढवा’ एवढी राहत नाही. ‘श्रावणात सोमवारी सकाळी सहा ते नऊ, या घाटावर पाव तास’ अशी ती होते. अशा मागणीला नाही म्हणणं ठाणेदाराला जड जातं.