चार कोटींचा नकार

आपल्याकडे नोकरी कायम झाली की पेढे वाटतात. माझी झाली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली, वडिलांनी ते पत्र चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचले आणि शेजारच्या काकूंनी ‘आता काळजी मिटली हो!’ म्हणून असा काही निःश्वास टाकला, की जणू काळजी त्यांचीच होती. अशा घरात वाढलेल्या माणसाला कुणी सांगितले, की पंचवीस वर्षांच्या एका मुलापुढे चार वर्षांच्या करारासाठी चार कोटी डॉलरांच्या आसपासची रक्कम ठेवली गेली आणि तो शांतपणे ‘नको’ म्हणाला, तर त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच: ‘अहो, त्याला समजावणारे घरी कुणी नव्हते का?’

नव्हते. आणि गोष्टीची खरी सुरुवात तिथेच आहे.

ही गोष्ट मला प्रथम सांगितली माझ्या भाच्याने. तो कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळतो आणि अमेरिकेतील एन.बी.ए.चे खेळाडू त्याला नात्यातल्या मंडळींपेक्षा अधिक जवळचे वाटतात. ‘मामा, जिमी बटलरने स्वतःवरच पैज लावली आणि जिंकली!’ असे तो डोळे चमकवून सांगत होता. त्या पैजेचा मला इतका चटका लागला, की पुढे कित्येक दिवस मी मिळेल ते वाचत राहिलो. भाच्याने सांगितलेली हकीकत खरी निघाली. परंतु ती अर्धीच होती.

जिमी बटलर टेक्सास राज्यातील टॉमबॉल या गावचा. तेराव्या वर्षी आईने त्याला घराबाहेर काढले. मग आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे असे दिवस काढीत तो वाढला; शेवटी एका मित्राच्या आईने, स्वतःच्या घरात मुलांची आधीच दाटी असताना, त्यालाही घरात घेतले. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे पाहिले नाही. एका लहान कॉलेजात वर्ष काढून तो मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात गेला आणि तेथून २०११ साली व्यावसायिक खेळात आला. एन.बी.ए.चे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. ३० संघ, दोन फेऱ्या, ६० नावे. पहिल्या फेरीतले अगदी शेवटचे, म्हणजे तिसावे नाव शिकागो बुल्सने घेतले. ते बटलरचे.

त्या वर्षीचे साठावे, म्हणजे साऱ्या यादीच्या तळाचे नाव होते आयझेया थॉमसचे. उंची अवघी पाच फूट नऊ इंच. ताडामाडासारख्या माणसांच्या त्या खेळात हे जवळजवळ व्यंगच. या थॉमसकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता करारांची भानगड थोडी समजून घेतली पाहिजे, कंटाळू नये. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्याचा पगार त्याच्या क्रमांकावरून ठरतो आणि तो करार पुरता चालला तर चार वर्षांचा असतो. चौथे वर्ष सुरू होण्याच्या सुमारास संघ त्याला लांब मुदतीचा नवा करार देऊ शकतो. त्याने तो घेतला नाही, तर वर्षअखेरीस तो बाजारात उतरतो; मात्र दुसऱ्या कुणी बोली लावली, तर तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क जुन्या संघाकडे राहतो. याच्या पुढची पायरी म्हणजे संपूर्ण मोकळीक, वाटेल त्या संघाकडे जावे. तिलाच तिकडे ‘फ्री एजन्सी’ म्हणतात.

ही मोकळीक आकाशातून पडलेली नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडू संघाचाच राही. हे मोडण्यासाठी १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूने, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने, एन.बी.ए.वर खटला भरला. तडजोड झाली १९७६ साली. तोवर रॉबर्टसन निवृत्त होऊन दोन वर्षे उलटली होती. जुन्या संघाचा हक्क पुरता सुटून पहिला खेळाडू, टॉम चेंबर्स, सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला तो १९८८ मध्ये. रॉबर्टसनला स्वतःला या मोकळिकीचा उपयोग करता आला नाही. आज कोट्यवधींच्या करारावर सही करणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना सहीच्या वेळी त्याची आठवण होत असेल, कोण जाणे!

असो. ३१ ऑक्टोबर २०१४ ही बटलरच्या निर्णयाची शेवटची तारीख होती. मागचा हंगाम त्याचा बेताचाच गेला होता. सरासरी गुण १३. आणि बास्केटच्या दिशेने टाकलेल्या दर दहा चेंडूंपैकी सहा बाहेर. प्रतिपक्षाच्या सर्वांत धोकेबाज खेळाडूला रोखणारा, हूं की चूं न करता राबणारा गडी, अशीच त्याची ख्याती. जानेवारी २०१४ मध्ये ऑर्लँडोविरुद्ध एक सामना तीनदा वाढत गेला, तेव्हा तो ६० मिनिटे मैदानावर होता. अशा राबत्या गड्याला चार कोटी म्हणजे शिकागोने काही अन्याय केला नव्हता. चालू वर्षी त्याला मिळणार होते सुमारे २० लाख.

तरीही तो ‘नको’ म्हणाला. मला स्वतःवर पैज लावायची आहे, असे त्याने वार्ताहरांना सांगितले.

भाचा म्हणतो, हा आत्मविश्वास. होय, परंतु त्या आत्मविश्वासाच्या खिशात एक पंचांगही होते. त्याच ऑक्टोबरच्या ६ तारखेला एन.बी.ए.ने दूरचित्रवाणी कंपन्यांशी नऊ वर्षांचा, २,४०० कोटी डॉलरांचा करार जाहीर केला होता. खेळाडूंच्या पगारासाठी प्रत्येक संघाला एक कमाल मर्यादा असते आणि ती लीगच्या उत्पन्नावर ठरते. त्या वेळी ती ६ कोटी ३० लाख होती. पुढल्या वर्षी ती ७ कोटींवर गेली आणि नवा पैसा आल्यावर, २०१६-१७ साली, ९ कोटी ४१ लाखांवर. खेळाडूचा सर्वांत मोठा पगार या मर्यादेच्या टक्केवारीत ठरतो. म्हणजे ऑक्टोबरात सही करणे हे भाव चढायच्या आधीच धान्य विकण्यासारखे होते. बटलरला हे कळत होते, त्याच्या एजंटलाही कळत होते, आणि शिकागोला तर कळत होतेच.

मग त्यात धैर्य कुठले? धैर्य होते ते शरीराच्या बाबतीत. त्याच्याच संघात डेरिक रोझ होता. रोझने डिसेंबर २०११ मध्ये नऊ कोटींहून मोठ्या करारावर सही केली आणि एप्रिल २०१२ मध्ये त्याचा डावा गुडघा निकामी झाला. पूर्वीचा रोझ पुन्हा दिसला नाही. पगार मात्र ठरल्याप्रमाणे येत राहिला, कारण सही आधी झाली होती. बटलरने हे सारे त्याच खोलीत बूट बांधता बांधता पाहिले होते. आपली सही झालेली नाही आणि आपल्यालाही गुडघे दोनच आहेत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पैज लावण्याआधीचा उन्हाळा त्याने कसा घालवला, ते भाच्याने मला रंगवून सांगितले होते. ह्यूस्टनमध्ये मित्रांसह घर घेतले आणि घरात टेलिव्हिजन नको, इंटरनेट नको, असे ठरवून टाकले. करमेनासे झाले की करायचे काय? व्यायामशाळेत जायचे, चेंडू टाकायचे. दिवसातून तीन तीन वेळा. (‘मग तूही परीक्षेपुरते असे करून पाहा की,’ असे मी भाच्याला म्हणालो. त्याला आमच्या घराचे रेंज आधीच कमी वाटते.)

हंगाम सुरू झाला आणि राबता गडी एकाएकी संघाचा मुख्य फलंदाज व्हावा तसे झाले. सरासरी २० गुण, ऑल-स्टार सामन्यासाठी निवड. मार्च २०१५ मध्ये डाव्या कोपराला दुखापत होऊन काही आठवडे बसावे लागले. ते दिवस त्याने कसे काढले असतील, याची कल्पना ज्याच्या पगारावर घर चालते त्या कुणालाही करता येईल. सुदैवाने दुखणे थोडक्यात निभावले. हंगामअखेरीस सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू म्हणून त्याला पारितोषिक मिळाले आणि जुलैमध्ये शिकागोनेच त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम ९ कोटी २० लाखांच्या घरात. नऊ महिन्यांत भाव दुपटीहून अधिक झाला.

त्या करारातले एक कलम मला रकमेहून अधिक मोलाचे वाटते. पाचव्या वर्षी राहायचे की निघायचे, हे खेळाडूने ठरवायचे होते. २०१९ साली, एकोणतिसाव्या वर्षी, बटलर त्याच दारातून बाहेर पडला. तोवर सात वर्षांची नोकरी उलटून गेल्यामुळे नियमाप्रमाणे तो वरच्या वेतनश्रेणीला पात्र झाला होता. मायामीशी त्याचा चार वर्षांचा करार झाला तो १४ कोटींच्या घरातला. २०१५ साली सही करतानाच २०१९ ची तारीख कुणीतरी वर्तुळ काढून ठेवलेली असणार, असा माझा तर्क आहे.

आता थॉमस. बटलरने नकार दिला त्याच २०१४ सालच्या जुलैत थॉमसचा नवखेपणाचा करार संपला होता. सॅक्रॅमेंटोकडून त्याने नुकतीच सरासरी २० गुणांची कामगिरी केली होती. म्हणजे त्या घटकेला तो बटलरपेक्षा सरस होता. फिनिक्सने चार वर्षांचे २ कोटी ७० लाख पुढे केले. साठाव्या क्रमांकाच्या ठेंगण्या मुलाने ते घेतले. माझ्या आईने, वडिलांनी, शेजारच्या काकूंनी त्याला हाच सल्ला दिला असता. आणि खरे सांगायचे तर मीही.

पुढल्या फेब्रुवारीत फिनिक्सने त्याला बॉस्टनला दिले आणि बॉस्टनमध्ये तो बहरला. २०१६ च्या उन्हाळ्यात नवा पैसा आला, तेव्हा संघमालकांनी तिजोऱ्या उघड्या टाकल्या. तिमोफे मोझगोव्ह नावाचा धिप्पाड खेळाडू, जो त्या जूनच्या अंतिम मालिकेत मैदानावर फारसा दिसलाही नव्हता, त्याला लॉस एंजेलिसने चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख दिले. थॉमस पाहत राहिला. त्याचा करार २०१८ पर्यंत बांधलेला होता, आणि चालू करार वाढवायचा म्हटला, तरी जुन्या पगाराच्या ठराविक प्रमाणातच वाढ देता येई. २०१६-१७ मध्ये त्याने सरासरी २८.९ गुण केले. पगार होता सुमारे ६६ लाख. माझी वेळ येईल तेव्हा पैसे वाहून नेणारी ब्रिंक्सची चिलखती गाडीच आणावी लागेल, असे तो हसत हसत म्हणे. आत्मविश्वासात तो बटलरपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

एप्रिल २०१७ मध्ये अखेरच्या फेऱ्यांतील बॉस्टनच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो मैदानात उतरला आणि ३३ गुण केले. समोर प्रतिपक्ष होता शिकागो. बटलरने त्या रात्री ३० गुण केले आणि सामना शिकागोने जिंकला. २०११ च्या यादीतली ती दोन शेवटची नावे त्या रात्री एका मैदानावर होती: एकाचे भविष्य सहीनिशी सुरक्षित, दुसऱ्याचे अजून एक वर्ष दूर. मालिका मात्र बॉस्टनने घेतली. पुढे २ मे रोजी, बहिणीच्या वाढदिवशी, थॉमसने वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले.

हे सारे तो खुब्याच्या दुखण्यासह खेळत होता. मार्चमध्येच उजवा खुबा दुखावला होता. संघ जिंकत होता, घरात दुःख झाले होते, अशा वेळी ‘मला विश्रांती द्या, माझ्या कराराचे वर्ष जवळ आले आहे’ असे म्हणणे त्याला सुचले नाही; सुचले असते तरी जमले नसते. मेच्या मध्याला सांध्याने साफ नकार दिला. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकले. तो पुन्हा खेळला थेट जानेवारीत, फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला रवानगी, मार्चमध्ये शस्त्रक्रिया. आणि जुलै २०१८ मध्ये, ज्या दिवसाची त्याने चार वर्षे वाट पाहिली तो मोकळिकीचा दिवस उजाडला, तेव्हा तिजोऱ्या रित्या झाल्या होत्या आणि खुबा जायबंदी. डेन्व्हरने एका वर्षाचा, नियमाने देता येईल तेवढा कमीत कमी पगाराचा करार दिला. सुमारे २० लाख डॉलर. बटलरने चार कोटी नाकारले त्या वर्षी त्याला मिळत होते, जवळजवळ तेवढेच.

मी हे भाच्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘पण मामा, थॉमसने चूक कुठली केली?’ मला उत्तर देता आले नाही. २०१४ साली त्याच्या हाती जे कागद होते, ते पाहून ‘सही करू नकोस’ असे सांगण्याचे धाडस मला आजही होणार नाही.

त्यानंतर थॉमस बरीच वर्षे या संघातून त्या संघात हिंडला. मध्यंतरी दुय्यम लीगमध्ये सॉल्ट लेक सिटीकडून खेळला. मार्च २०२४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, एन.बी.ए.च्या एका संघाने त्याला पुन्हा बोलावले. तो संघ फिनिक्स होता, दहा वर्षांपूर्वी चार वर्षांचा करार देणारा. या वेळी करार दहा दिवसांचा होता.