फंडाच्या पैशावर कर आणि कामगाराचे म्हातारपण

कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाती जी रक्कम येते ती मालकाची खैरात नसते, सरकारचे बक्षीसही नसते. ती त्याचीच मजुरी असते, वर्षानुवर्षे मागे ठेवलेली. या रकमेवर कर घ्यावा काय, आणि घ्यावा तर केव्हा, हा प्रश्न वरवर पाहता वकील आणि सी.ए. मंडळींचा वाटतो. वास्तविक तो आपल्या तळा तालुक्यातून रोहा-धाटाव, महाड आणि विळे-भागाडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांचा प्रश्न आहे. मुंबई-भिवंडीत दुकानात, मागावर किंवा गोदामात राबणाऱ्या आपल्या माणसांचाही तो प्रश्न आहे.

बचतीवर कर घेण्याच्या तीन जागा असतात. भातशेतीच्या भाषेत सांगायचे तर पेरताना, पीक वाढताना आणि कापणीला. पगारातून फंड कापला जातो तेव्हा, त्यावर व्याज चढते तेव्हा, आणि अखेरीस रक्कम हाती येते तेव्हा. १९५२ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या भविष्य निर्वाह निधीला आपल्याकडे दीर्घकाळ या तिन्ही जागी सूट होती. साध्या कामगाराने फंडावर विश्वास ठेवला त्याचे हे एक मोठे कारण होते. "हा पैसा कोणी हात लावणार नाही," एवढेच त्याला कळत होते आणि तेवढे पुरेसे होते.

या विश्वासाला पहिला मोठा धक्का २०१६ साली बसला. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १ एप्रिल २०१६ नंतर जमा होणाऱ्या फंडाच्या ६० टक्के भागावर, तो काढताना, कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. त्या रकमेतून आजीवन पेन्शन विकत घेतल्यास कर माफ, असा त्यामागचा विचार होता. म्हातारपणी पैसा एकदम उडून जाऊ नये हा हेतू वाईट नव्हता. परंतु नोकरदार वर्गात इतका असंतोष पसरला की ८ मार्च रोजी प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी मालकाच्या हिश्श्याचा फंड ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असा नियम आला, आणि एप्रिलमध्ये बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या. १९ एप्रिल २०१६ रोजी तो नियमही रद्द झाला. आमच्या कापड धंद्याशी निगडित असलेल्या या स्त्रियांना अर्थशास्त्राची पुस्तके ठाऊक नव्हती. आपल्या घामाचा पैसा आपल्या हाती कधी येणार, हे मात्र त्यांना नीट ठाऊक होते.

त्यानंतर कराचा हात श्रीमंत फंडाकडे वळला. १ एप्रिल २०२१ पासून कामगाराचा स्वतःचा वार्षिक भरणा अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. याविषयी तक्रार करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. १५ हजार मजुरीच्या कामगाराचा स्वतःचा फंड महिना १,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २१,६०० रुपये. अडीच लाखांची मर्यादा त्याच्या स्वप्नातही येत नाही.

ग्रॅच्युइटीचेही तसेच. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेला हिशेब असा की नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांची मजुरी, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. १५ हजार शेवटची मजुरी आणि २० वर्षे नोकरी असेल तर रक्कम होते सुमारे १ लाख ७३ हजार रुपये. करमाफीची मर्यादा २०१८ पासून २० लाख आहे. रजेच्या पगाराची मर्यादा खाजगी नोकरदारांसाठी २० वर्षांहून अधिक काळ ३ लाखांवर अडकून पडली होती, ती २०२३ साली २५ लाख झाली. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेची ५ लाखांची मर्यादा मात्र तशीच आहे. महागाई दरवर्षी चढते आणि मर्यादा जागची हलत नाही, तेव्हा कायदा न बदलताही कर वाढतो. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी पेन्शनवर कर आला, त्यासाठी एकट्या व्यक्तीला २५ हजार डॉलर उत्पन्नाची मर्यादा ठरली. ती आजही तेवढीच आहे. प्रारंभी थोड्यांवर असलेला कर त्यामुळे हळूहळू पुष्कळांच्या दारात पोहोचला.

मग गरीब कामगाराला कराचा काटा टोचतो कोठे? तो टोचतो पाच वर्षांच्या अटीवर. सलग पाच वर्षे नोकरी होण्यापूर्वी फंड काढला तर तो करपात्र ठरतो. रक्कम ५० हजार किंवा त्याहून अधिक असेल तर १० टक्के आधीच कापून घेतले जातात. पॅन नंबर जोडलेला नसेल तर २० टक्के. म्हणजे एक लाखाच्या फंडातून दहा हजार गेले, पॅन नसेल तर वीस हजार. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते. परंतु ठेकेदाराकडे राबणारा किती जण विवरणपत्र भरतो? कर भरण्याइतकी कमाई नसलेला माणूस अशा रीतीने केवळ माहिती नसल्यामुळे कर भरून मोकळा होतो.

तळ्याच्या बाजारात लग्नसराईत गिऱ्हाईक कापड फाडायला येते तेव्हा "फंड काढला आहे" हे वाक्य आम्हा व्यापाऱ्यांना नवे नाही. धंद्याच्या दृष्टीने आम्हांस त्यात फायदाच आहे. पण चार वर्षांचा फंड एका लग्नात संपतो, वर करही कापला जातो, आणि पेन्शनची वर्षेही पुसली जातात. १९९५ च्या पेन्शन योजनेत निदान दहा वर्षांची नोकरी लागते. १५ हजार मजुरी आणि १४ वर्षे नोकरी धरली तर पेन्शन महिना ३ हजार रुपये होते. रक्कम लहान आहे, पण म्हातारपणी औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागू नये इतकी तरी आहे. नोकरी बदलताना दर वेळी खाते रिकामे करणाऱ्याच्या नशिबी तेही नाही.

आखातात गेलेल्या आपल्या बांधवांची गोष्ट निराळी. तेथे पगारावर आयकर नाही, सेवासमाप्तीची रक्कमही करमुक्त मिळते. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा व पुढे ३० दिवसांचा मूळ पगार, असा परंपरेचा हिशेब आहे. परंतु दरमहा मिळणारे पेन्शन नाही. कर नाही म्हणून तयारी होते असे नव्हे, हे गावोगाव अर्धवट राहिलेले बंगले सांगतात. आणि कायमचे परतल्यावर परदेशस्थांच्या बँक खात्याची करसवलतही राहत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते.

आमचे मत असे की म्हातारपणाची तयारी बिघडते ती कराच्या दरापेक्षा नियमांच्या अनिश्चिततेने. आज सूट, उद्या कर, परवा माघार, असे चालले तर माणूस हाताशी आलेला पैसा ठेवण्यापेक्षा काढून घेणे पसंत करतो. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर पडत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण तीत फंडाच्या भरण्यावरील जुनी वजावट नाही. कर वाचवण्यासाठी का होईना, मध्यमवर्गाला बचतीची जी सवय लागली होती, तिचा एक आधार त्यामुळे गेला. सरकारने मर्यादा महागाईशी जोडाव्यात, आणि लहान फंडातील कपात बंद करावी.

तोपर्यंत कामगारांनी एवढे तरी करावे. पॅन व आधार फंडाच्या खात्याला जोडावेत. नोकरी बदलल्यास फंड काढू नये, नव्या खात्यात वळवावा, कारण मागील नोकरीची वर्षे पाच वर्षांच्या हिशेबात धरली जातात. उत्पन्न करपात्र नसेल तर फंड काढतानाच तसे घोषणापत्र द्यावे. आजारपणामुळे किंवा कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर पाच वर्षांपूर्वीही कर लागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणि आम्हा व्यापाऱ्यांचे काय? वीस माणसांखालच्या दुकानाला फंडाची सक्ती नाही, पण मनाई देखील नाही. स्वखुशीने सामील होता येते. तेही जमत नसेल तर १८ ते ४० वयाच्या नोकराला अटल पेन्शन योजनेत बसवून त्याचा हप्ता आपण भरावा. आयकर भरणाऱ्यांना २०२२ च्या ऑक्टोबरपासून या योजनेत नव्याने प्रवेश नाही, म्हणजे ती आता खरोखर गरिबांसाठीच उरली आहे. ज्या माणसाने तीस वर्षे आपल्या दुकानाचे शटर उघडले, त्याचे म्हातारपण हा आपल्याही खातेवहीतला देणे बाजूचा आकडा आहे.